पृथ्वी खुर्द

तहूरा शेजारच्या सय्यदांची, सातवीत.
गच्चीवर सतरंजी टाकून मला विचारते,
"मन्मथकाका, माणूस मंगळावर राहायला जाईल का?"

मी भूमी अभिलेखातला निवृत्त मोजणीदार.
आभाळातलं मला फक्त ऊन कळतं,
आणि दुर्बिणीत उलटा दिसणारा झेंडा.
तरी प्रश्न माझ्याच खात्याचा निघाला.

म्हटलं, पोरी, मी पाठवलीयत माणसं दुसऱ्या ग्रहावर.
एक अख्खं गाव.
औसा तालुक्यातून औसा तालुक्यातच.

भूकंपानंतरचं साल. जुनं वडजी मातीत गेलेलं,
तीन किलोमीटरवर एक माळ मिळालेला.
साखळी धरायला गावातलीच दोन पोरं,
दोघांचीही डोकी भादरलेली.
एकाला म्हटलं, ताण जरा.
तो म्हणाला, ताणलंय साहेब,
अजून किती ताणू.

चुन्याच्या रेघा, सगळं काटकोनात.
शाळा इथं, पाण्याची टाकी तिथं.
म्हातारे म्हणाले, मसणवटा आधी आखा.
नकाशा इतका देखणा झाला
की साहेबांनी काचेत लावला.

मग माणसं उतरली.
प्रयागबाई तीनदा दुसऱ्याच्याच घरात शिरली,
माझी चूल कुणी नेली म्हणून भांडली.
सगळी दारं एकसारखी, सगळ्यांवर आकडे.
शेवटी तिनं भिंतीवर शेणाचा पंजा उमटवला
तेव्हा कुठं घराला तोंड आलं.

कुत्री तर आलीच नाहीत.
रात्री जुन्या गावठाणात भुंकायची,
आणि नव्या गावातली माणसं अंथरुणात पडून
आवाजावरून कुठलं कुणाचं ते सांगायची.
इस्माईल आतारानं दुकान सहा वर्षं
तिकडंच ठेवलं, चार पत्र्यांखाली.
सुई-दोऱ्यासाठी लोक तीन किलोमीटर चालायचे.
सुई-दोऱ्यासाठीच, असं म्हणायचे.

"पण मंगळावर हवाच नाही."
माळावर सावली नव्हती.
"ते येगळं."
वेगळंच आहे. मी गप्प बसतो.
लेकरू खरं बोलत असताना
मोठ्यानं हुज्जत घालू नये.

"जायला सात महिने लागतेत म्हणं."
वडजीला तीन किलोमीटर जायला अकरा वर्षं लागली.
अकराव्या वर्षी औशाच्या स्टँडवर
कुणीतरी म्हणालं, गावाकडं चाललोय,
आणि तो नव्याकडं निघाला होता.

आपल्याकडं गावाला दोन माती.
काळी पिकायला, पांढरी राहायला.
पांढरी कुठून आणता येत नाही, ती होते.
चुलीतली राख, पुरलेली नाळ,
पडलेल्या भिंतीवर उभी राहिलेली भिंत.
तिकडची म्हणे तांबडी.
तांबडीची पांढरी व्हायला किती काळ,
हे मोजायचं यंत्र
आमच्या कचेरीत तरी नव्हतं.

जातील. जाणारच.
हद्द दाखवली की माणूस आधी दगडच सरकवतो,
छत्तीस वर्षं मी दुसरं काय पाहिलं?
ज्या दिवशी तिकडं कुणी कुणाचा बांध कोरेल
त्या दिवशी वस्ती खरी झाली समजावं.

"नाव काय ठिवतील?"
जुनं ते बुद्रुक, नवं ते खुर्द.
पृथ्वी खुर्द.
ती खिदळते, मग एकदम थांबते.
"आन ही बुद्रुक? पडलेली आसंल का तवा?"

खाली टँकरचा हॉर्न. आठ दिवसांनी आलाय.
घागर, पाईप, आईच्या हाका,
तहूरा दोन-दोन पायऱ्या उतरत जाते.
टाकीच्या वर तो तांबूस ठिपका,
माझ्या अंदाजानं वीतभर.

तिला सांगायचं राहिलंच.
साखळीला दोन माणसं लागतात.
एक टोक घेऊन पुढं जाणारा,
आणि एक मागं, शून्याच्या खुंटीशी,
उन्हात, पाय रोवून.
त्यानं कडी सोडली
तर पुढचा कितीही लांब गेला तरी
ते अंतर नोंदवहीत धरत नाहीत.