मीटर

दर महिन्याच्या चार तारखेला
वही काखेत मारून मी निघतो.
सान एर्मेनेहिल्दोत आता आम्ही नऊ माणसं
आणि पाण्याची चारशे बारा मीटरं.
अंतोफागास्ताच्या ऑफिसला सगळ्यांचे आकडे लागतात.

लोकांना वाटतं, रिकाम्या घराचं मीटर शून्यावर येतं.
तसं नसतं.
बिऱ्हाड हललं त्या दिवशीचा आकडा
ते दातांत धरून बसतं.
पहिली गल्ली, घर सात: चार हजार तीनशे अठरा.
हे एलेउतेरियो कोल्केचं पाणी.
सहा पोरांच्या आंघोळी त्यात, बटाट्याचं सूप,
खाणीतून आल्यावर मानेवर ओतलेल्या बादल्या,
आणि ज्या पहाटे त्याला फळीवरून घरी आणला
त्या पहाटेचंही.
मीटरला त्यातलं वेगळं काही कळलं नाही.

इथे पाऊस नाही. पाणी म्हणजे
बर्फाच्या डोंगरातून एकशे चाळीस किलोमीटर
नळातून चालत आलेला पाहुणा.
आई भाज्या धुतलेलं पाणी फरशीला द्यायची,
फरशीचं अंगणातल्या पिमिएंतोला,
आणि पिमिएंतो आम्हाला सावली द्यायचा, तीही अर्धी.
उरलेली शेजाऱ्यांच्यात पडायची.
त्यावरूनही भांडणं होत.

थिएटरचं मीटर कायम गरीब.
हॉस्पिटलचं खाऊनपिऊन सुखी.
साहेबांच्या तलावाचं पाच आकड्यांचं,
त्याला मी अजून जरा वाकूनच वाचतो.
स्मशानात मीटर नाही.
तिथली फुलं डबे कापून केलेली, पत्र्याची,
वारा सुटला की एकमेकांवर वाजतात.

दुपारी तीनचा भोंगा बंद होऊन जमाना झाला.
आत्ताचं कुत्रं त्यानंतर जन्मलेलं,
तरी तीनला उठून कान टवकारतं.
मी त्याला काही विचारत नाही.

मग मार्चमध्ये, तिसरी गल्ली, घर एकतीस:
दोन हजार सहाशे चारचे पाच झाले.
थुंकीने काच पुसली. पाचच.
कासिल्दाला गाव सोडून अकरा वर्षं झालेली,
जग सोडून चार.
एप्रिलमध्ये सहा. मेमध्ये सात.

जूनमध्ये पहाटेच जाऊन
बेकरीच्या भिंतीआड उभा राहिलो.
थंडीने पायांच्या काठ्या झाल्या.
प्रिमितिवा आली. एक्याऐंशी वर्षांची. दोन बादल्या, खराटा.
कासिल्दाचा नळ सोडला
आणि कासिल्दाच्या पायऱ्या घासायला बसली.

या दोघी सव्वीस वर्षं बोलल्या नव्हत्या.
प्रिमितिवाच्या झाडूची धूळ
कासिल्दाच्या ओल्या चादरींवर उडाली, एवढंच कारण.
ही म्हणाली, गलिच्छ.
ती म्हणाली, आधी तुझ्या पायऱ्या बघ.
शेवटचे ट्रक निघाले त्या सकाळीही
एकीने खिडकी लावून घेतली,
दुसरीने मागे वळून पाहिलं नाही.

एक पायरी घासून होईतो
वरच्या पायरीवर धूळ परत बसत होती.
प्रिमितिवा पुटपुटत होती. मला वाटलं, प्रार्थना.
वाऱ्याबरोबर एक शब्द इकडे आला,
तो प्रार्थनेतला नव्हता.
मी तोंडावर टोपी दाबली
आणि आल्या वाटेने परत फिरलो.

त्या महिन्यापासून एकतीसपुढे
वापराच्या रकान्यात मी शून्य लिहितो
आणि तो एक माझ्या घरात मिळवतो.
परवा ऑफिसचं पत्र आलं:
नोल्बेर्तो तिकोना, एकटा इसम,
पाणी दुप्पट कशाला लागतं, खुलासा करावा.

मी लिहिलं,
यंदा धूळ फार आहे.