मोज्यातला सरडा

अजनीच्या पार्सल ऑफिसात तो मोज्यातून निघाला.
एकाच पायाचा मोजा; जोडीचा सापडला नाही.
वहीत लिहिलं: सरडा, परदेशी, हिरवा, नग एक.
सेमिनरी हिल्सवर आणेस्तोवर तपकिरी झाला
आणि साहेबांनी माझ्याकडेच संशयाने पाहिलं.

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
वाटीतल्या पाण्याकडे तो ढुंकूनही बघेना.
तिसऱ्या दिवशी मडावीबाई म्हणाल्या,
"याले साचलेलं पाणी समजत नाही, डॉक्टर.
पानावरून टपकलं पाह्यजे."
कूलरच्या ओल्या वाळ्याखाली
त्यांनी कडुलिंबाची डहाळी बांधली.

थेंब.
बऱ्याच वेळाने दुसरा.
तोंड उघडलं, कुलूप गंजलेलं असावं तसं.
एक डोळा पानाच्या टोकावर,
दुसरा मात्र खिडकीकडे,
जिथे आमच्या लेखी फक्त काटोल रोड आहे.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात.
हा समुद्र ओलांडून आला
आणि एक पाऊलही धावला नाही.

रात्री लाइट गेली. टॉर्च मारला
तर डहाळीला शेपूट गुंडाळून झोपलेला,
अंगावर फिकट, दुधाळ असं काहीतरी,
इथल्या कुठल्याच पानाचं नसलेलं.

वही उघडून 'हिरवा'वर काट मारली.
त्या जागी काय लिहायचं,
मडावीबाईंना विचारायचं राहिलंय.