पांढऱ्यावर पांढरं

पहाटे सव्वापाचला लष्करात फक्त दूधवाले
आणि आम्ही नऊजणी.
डिसेंबरचं धुकं इतकं, की अर्ध्या कोर्टावरून
पलीकडची रिंग दिसत नाही.
तसंही कुशवाह मॅडम बॉलला हात लावू देत नाहीत.
दिवाळीपासून बॉल कपाटात,
किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

आधी घोटे, मग कंबर, मग खांदे.
मग ती वीस किलोची दांडी, जिच्या मधोमध
कधीकाळी कुणीतरी सायकलची ट्यूब गुंडाळलीय.
चकत्या कमी पडतात,
म्हणून सिमेंटच्या पोत्यांत वाळू भरून
आम्हीच दाभणाने शिवल्या सहा पिशव्या.
खांद्यावर घेतली की मानेत वाळू झिरपते,
अंघोळीनंतरही कानामागे दिवसभर करकर.

शनिवारी उरवाईचा चढ.
खडकातून उभे तीर्थंकर,
गुडघे सरळ, हात खाली सोडलेले,
पाच शतकं एका जागी.
आम्ही त्यांच्या पायाशी दहा वेळा वर, दहा वेळा खाली.
सातव्या फेरीला प्रीती भदौरिया मान वर करून म्हणाली,
"इनकी ट्रेनिंग किसने कराई?"
हसता येईना.
हसायलाही श्वास लागतो.

उडीपेक्षा उतरण्यावर मॅडमचा जीव.
लाकडी खोक्यावरून खाली. पुन्हा. पुन्हा.
"आवाज आला, फाळके. पोतं टाकल्यासारखा."
माझा गुडघा आत वळतो. डावा.
दोन वर्षांपूर्वी रीबाउंड घेऊन खाली आले
आणि आत सुतळी तुटावी तसं काहीतरी झालं.
तेव्हापासून हवेत असताना मी
खालचाच विचार करते.
मॅडम जमिनीवर मांडी घालून बसतात,
डोळे मिटून ऐकतात.
एकदा काहीच बोलल्या नाहीत.
मला वाटलं, लक्ष नव्हतं.
नंतर वहीत पाहिलं:
फाळके, डावा, गप्प.

दौलतगंजात मुश्ताकचाचांनी टेप गुंडाळला,
"कंबर तीच. मांडी दोन इंच वाढली, बेटा.
शिवण सोडू, की नवीन शिवू?"
आई म्हणाली, सोडा.
आणि आत थोडं कापड राहू द्या,
पुन्हा सोडावी लागेल.

जिमच्या मागच्या भिंतीवर आमची बोटं होती,
खडूत बुडवून, उडी मारून टेकवलेली,
शेजारी तारखा. जूनपासूनच्या.
तपासणीची समिती येणार म्हणून
गुरुवारी कॉलेजने चुना मारला.
जून गेला, ऑगस्ट गेला,
माझा जेमतेम वर सरकलेला सप्टेंबर गेला.
मॅडम भिंतीपुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या.
मग म्हणाल्या, चला, लावा हात.

खडू लावला. पांढऱ्यावर पांढरं.
कोण कुठे पोचली, काही कळेना.
तबस्सुम फाटकाबाहेर गेली,
चहावाल्याच्या शेगडीतला विझलेला कोळसा
रुमालात बांधून आणला.

नऊ काळे पंजे, ओल्या चुन्याचा वास.
रामसेवक शिपाई धावतच आला,
प्राचार्य मला खातील हो!
फडकं भिजवलं, काठीला बांधलं,
टाचा उचलून पुसत गेला
हात पोचेल तिथवर.
शिडी ठेकेदार सकाळीच घेऊन गेला होता.

भदौरियाचा पंजा राहिला. तबस्सुमचा राहिला.
माझी चार बोटं होती,
त्यातली दोन उरली, नुसती टोकं.
रामसेवक काठी टेकून वर बघत राहिला.
"ही दोन कुणाची?"
मी हात वर केला.
अजून काळाच होता.