दोन विसा नि सोळा

त्सोत्नेचं खोडरबर आधी संपतं, मग वही.
सातच्या पाढ्याशी आला की
एकच आकडा घासत बसतो
कागदाला भोक पडेपर्यंत.
भोकातून बाक दिसतो,
बाकावर कुणीतरी कोरलेलं नाव,
आणि मग तो ते नावच वाचत राहतो.

"लक्ष नसतं पोराचं," बाद्री म्हणाला,
"दोन ठेवून द्या, बाप म्हणून माझी हरकत नाही."
ठेवून दिलेल्या मीही खाल्ल्यात,
याच शाळेत, याच खिडकीपाशी,
पट्टीची कड, बोटांच्या पेरांवर.
थंडी पडली की अजून तीच पेरं आधी दुखतात.

सप्टेंबरात अलाझानीच्या खोऱ्यात द्राक्षं पिकली
आणि माझा वर्ग निम्मा झाला.
हजेरीपट काखेत मारून गेले बाद्रीच्या दारी.
अंगणात गळ्यापर्यंत पुरलेले रांजण,
आत माणूस उभा मावेल एवढे.
नव्या रसाआधी ते आतून घासावे लागतात,
आणि त्या तोंडातून आत जाईल
असं घरात एकच अंग.
बाद्री कडेला दिवा धरून बसलेला.
मला बघून त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

खालून चेरीच्या सालीचा कुंचा, खरखर, खरखर,
आणि त्या तालावर
सात एके सात, सात दुणे चौदा…
या पोराचा आवाज एवढा मोठा आहे
हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं.
सात आठे—
कुंचा थांबला.
(आमची मोजणी विसाविसांनी चालते,
छप्पन्न म्हणजे दोन विसा नि सोळा.)
"दोन विसा नि चौदा," तो म्हणाला.
रांजणानं ते जसंच्या तसं परत दिलं.
हसला नाही रांजण. घड्याळाकडे पाहिलं नाही त्यानं.
पोरानं आपली चूक आपल्याच कानांनी ऐकली,
जराशी चघळली.
"हॅ! सोळा. दोन विसा नि सोळा."
आणि खरखर पुन्हा सुरू.

त्या काळोखात, त्या आंबूस वासात,
जिथं पाय टाकायला मी दहादा विचार केला असता,
तिथं तो निवांत होता.
घाबरायचा तो खडूला.
माझ्या हातातल्या.

बाद्री वात सारखी करत राहिला, माझ्याकडे न बघता.
"मलाही ठाऊक नव्हतं, लामाराबाई."

सोमवारी मी वर्गात एक घागर नेली,
काठाचा टवका उडालेली, नाहीतरी टाकायचीच होती.
टेबलावर आडवी ठेवली.
"ज्याला जे येत नाही ते आधी हिच्यात बोलायचं.
आत काय झालं, कुणी विचारायचं नाही."
पोरं हसली. मग हसून झालं.
पहिली उठली दारेजान, वर्गातली पहिली,
आणि घागरीत तोंड घालून इतका वेळ गप्प राहिली
की मी माझा लाल पेन खणात टाकला.

त्सोत्ने त्या दिवशी उठला नाही. मंगळवारीही नाही.
गुरुवारी उठला. घागरीत काय बोलला, देव जाणे.
मग आमच्याकडे पाठ करून
सातचा पाढा म्हणाला, बेचाळीसपर्यंत.
"उरलेला उद्या."
उद्या म्हणजे पुढचा बुधवार निघाला.

नोव्हेंबरात तपासनीस येऊन गेले.
शेऱ्यात लिहिलं: वर्गात अनावश्यक भांडे.
मी खाली सही केली.

काल शाळा सुटल्यावर खिडक्या लावत होते.
दारात त्सोत्ने, दप्तर एकाच खांद्यावर.
"बाई, तुम्ही कधी बोलला नाहीत हिच्यात."
वाकले. आत मातीचा गारवा
आणि इतक्या पोरांच्या श्वासांची ओल.
"सात आठे," म्हटलं, "दोन विसा नि चौदा."
चाळीस वर्षांपूर्वी एकदा म्हटलं होतं,
त्यानंतर पट्टीच बोलली होती.
घागरीनं मला माझा आवाज परत दिला,
नऊ वर्षांचा वाटला.

"ऐकू आलं का रे?"
"नाही," तो म्हणाला,
आणि बांधलेलीच नाडी पुन्हा बांधायला
खाली वाकला.