दूधकाटा

कॉफीच्या ग्राइंडरमध्ये गेनोवेफा मावशी
काटेरी झाडाचं बी दळते.
रोज, संध्याकाळच्या बातम्या संपल्यावर.
बी तपकिरी, चकचकीत;
दळताना वास येतो जुन्या तेलाचा,
आणि वायर अशी तापते की
एखाद दिवशी बियांबरोबर घरही जाईल.

व्येप्श नदीच्या अंगाला, बांधावर,
कुणाच्या तरी पेऱ्यातून निसटून ते वाढायचं.
पानांवर पांढऱ्या शिरा.
मारियेनं बाळाला पाजताना दूध सांडलं, मावशी म्हणते.
आम्ही लहानपणी त्याची बोंडं काठीनं झोडपायचो.
आता त्याचीच डबी कपाटात, साखरेच्या शेजारी.

लुत्स्यानच्या गोळ्या मात्र फ्रिजवर.
सकाळी दोन, रात्री तीन.
छपरावरून त्याच्याशी बोलणारी माणसं
त्या गोळ्यांनीच खाली उतरवली, वाटेला लावली.
हे मी विसरत नाही.
मावशी विसरते.
तिला दिसतात त्याचे मार्चमध्ये पिवळे झालेले डोळे,
रात्रभर पाठ खाजवणारी नखं,
आणि अग्निशामक दलाच्या बँडमध्ये
ट्रॉम्बोन धरताना लटपटणारे हात.
"डोकं दुरुस्त करायला निघाले,
आणि काळीज जाळून बसले."

डॉक्टर श्विदर्स्कांनी कागद पुढे सरकवला.
पन्नासच्या आत हवा तो आकडा दोनशे बारा.
गोळी बदलू, म्हणाल्या. हळूहळू. एकदम नाही.
मावशीनं पर्समधून डबी काढून टेबलावर ठेवली.
डॉक्टरांनी झाकण उघडलं, हुंगलं.
"घेऊ दे. पण गोळीच्या जोडीला. जागी नाही."
मावशीनं ऐकले पहिले दोनच शब्द.

जूनमध्ये एकदा चमचा डबीत बुडवला
तर तळाशी काहीतरी खडखडलं.
पिठात पुरलेल्या एकोणीस गोळ्या.
लुत्स्यान खिडकीशी उभा होता,
मान छपराकडे, कुणाचं तरी ऐकत.
"बी पुरतं, मावशी. तूच म्हणालीस ना."

ज्या बाईनं गोळ्यांना विष म्हटलं होतं
स्वयंपाकघरात, बसमध्ये, चर्चच्या पायऱ्यांवर,
ती खाली बसली.
एकेक गोळी बशीत काढली,
एप्रनच्या टोकानं पुसली.
एकोणीस. पुन्हा मोजल्या.
मग म्हणाली, श्विदर्स्काला फोन लाव,
बोलते मी. माझ्यामुळं झालंय.

ऑगस्टअखेर आकडा एकसष्ट.
डॉक्टर म्हणतात, नवी गोळी मानवली.
मावशी म्हणते, बी.
लुत्स्यान काहीच म्हणत नाही;
ट्रॉम्बोनची नळी लांबवून एक सूर धरतो,
तो फाटतो,
परत धरतो.

बांधावरची बोंडं सुकून फुटली तेव्हा
आम्ही तिघं जाड हातमोजे घालून गेलो,
तरी काटे मनगटात शिरलेच.
आता दोन्ही डब्या फ्रिजवर आहेत.
गोळ्यांच्या डबीला मावशीनं चिकटपट्टी लावलीय,
वर तिच्या वाकड्या अक्षरात:
आधी ही.