मान धरणे

तेहतीस वर्षं चोपड्याच्या कॉलेजात
प्राणिशास्त्राच्या खोलीची किल्ली माझ्या करदोट्याला होती.
हाडं उकळायची, सोड्यात भिजवायची,
गच्चीवर मेच्या उन्हात वाळवायची,
मग तांब्याच्या तारेत एकेक मणका ओवायचा.
पगारपत्रकात हुद्दा: परिचर.

पहिला सांगाडा रोहूचा.
लोहार मॅडम म्हणाल्या, बघा, खांदा कशाला टेकलाय?
कवटीला.
म्हणजे मागे बघायचं तर सगळं अंग फिरवायचं.
घरी जाऊन बापाला सांगितलं.
तापीत जाळं टाकणारा माणूस, धुडकू कोळी,
विडी विझवत म्हणाला,
"मासाले मान नही ऱ्हास,
हाई तू माले शिकाडस का?"

बाप मरळ ओल्या पोत्यात गुंडाळून आणायचा,
सायकलच्या कॅरिअरवर, भर दुपारी.
बाजार येईतो पोतं हलत राहायचं.
रोहू मात्र काठावरच जायचा,
कल्ले मिटून, भिजलेल्या वहीची पानं
एकमेकांना चिकटावीत तसे.
हवा चहूकडे होती,
त्याला ती घेता येत नव्हती.

पाण्यात वजन नदी उचलते.
जमिनीवर ज्याचं त्याने वाहायचं.
म्हणून कमरेचं हाड मांसात तरंगायचं सोडून
कण्याला जाऊन भिडलं,
पाय अंगाखाली आले,
कातडी जाड झाली, पापण्या फुटल्या,
आणि मूत्रपिंड मारवाड्याच्या दुकानातल्या मुनीमासारखं
थेंबाथेंबाचा हिशेब लिहायला बसलं.
शेहेचाळीस अंशाच्या दुपारी
पिवळीजर्द लघवी पाहिली की कळतं,
मुनीम जागा आहे.

मला आवडायची ती मान.
बेडकाला मानेचा एकच मणका.
तेवढ्यात 'हो' म्हणता येतं, तेही जेमतेम.
'नाही' म्हणायला दुसरा मणका लागतो,
तो सरड्यापासून पुढे.
शेळीला सात. मला सात.
प्राचार्यांनाही सातच असणार, मोजायचा प्रसंग आला नाही.
मी त्यांच्यापुढे बरीच वर्षं
एकाच मणक्यावर काढली.

निवृत्त झालो त्या फेब्रुवारीत
वैजयंता बाळंत झाली, सरकारी दवाखान्यात.
नर्सने पोरीच्या तोंडातलं पाणी नळीने ओढलं.
एक क्षण काहीच नाही.
नऊ महिने पाण्यात राहिलेला जीव
काठावर ठेवलेला.
मला पोतं आठवलं.
मग ती रडली. छाती भात्यासारखी वरखाली.
डोळे मात्र कोरडे. नर्स म्हणाली,
"तान्ह्याले आसू उशिरा येतस, बाबा."
खरंच, महिनाभराने आले.

तोवर घरात एकच वाक्य:
मान सांभाळ.
शेजारीण उचलायची तरी, मान सांभाळ.
जावई न्हाऊ घालताना घाबरायचा, मान सांभाळ.
तळहातावर ते डोकं मी धरायचो
आणि बोटांनी नकळत चाचपायचो,
एक, दोन, तीन...
तारेशिवाय ओवलेले.

मे महिना. वीज गेलेली.
भिंतीला ओलं धोतर टांगलेलं,
पोर गोधडीवर पालथी.
नाक गोधडीत रुतलं, कण्हली, लाल झाली,
आणि डोकं उचललं.
थरथरत. हे एवढंसं.
सगळी तापी खांद्यावर घेतल्यासारखं.
"बाबा, मान धरी हिनी!" वैजयंता ओरडली.
मी काही बोललो नाही. माझ्या कमरेत चमक होती,
वाकून बघायला वेळ लागला.

संध्याकाळी ग्राइप वॉटरचा चमचा नेला.
तिने चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि तोंड फिरवलं.
डावीकडे. मग उजवीकडे.
दुसरा मणका चालू आहे, मी म्हटलं.
औषध सांडलं, मानेच्या वळीत उतरलं.
वैजयंता चिडली, पदराने पुसत राहिली.
मी पुन्हा चमचा भरला.