डावं दार

अकरावीला बायो घेतलं तेव्हा दौलतगंजात सगळ्यांनी ठरवलं
मी डॉक्टर होणार.
खरं काय ते एकट्या भदौरिया सरांना सांगितलं. ते हसले नाहीत.
म्हणाले, बिटिया, सागरला जायचं तर केमिस्ट्री पक्की कर,
आणि आजपासून दोन वह्या ठेव.
एकीत दिसलं ते. दुसरीत वाटलं ते.
दोन्ही एका दप्तरात ठेवायच्या नाहीत.

ही पहिली वही.
एकोणीस डिसेंबर. लष्कर, ग्वाल्हेर. पारा पाचावर, बाहेर धुकं.
साहित्य: समईवर वाटी धरून जमवलेली काजळी,
बाबांची टाल्कम पावडर, नया बाजारातला चाळीस रुपयांचा ब्रश,
चिकटपट्टी, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी.

घरातल्या सगळ्यांची बोटं शाईच्या पॅडवर घेतली.
बाबांच्या अंगठ्यावर चक्र. म्हणाले, नीट घे,
बँकेत हल्ली माझी सही जुळत नाही.
काकूच्या तर्जनीवर कमान, शंभरातल्या पाचांनाच असते,
तिनं ते समोरच्या शर्मा आंटीला दोनदा सांगितलं.
आईनं हात पदराला पुसून पुढं केला. दहाही शंख.

गजकाचा डबा कोणी उघडला, ते मी सिद्ध केलं.
सगळे हसले. काकूही, गजक खात.

मग पुस्तकांचं कपाट. डाव्या दाराची काच,
जमिनीपासून एकशे सत्तेचाळीस सेंटिमीटर.
जवळ जाऊन श्वास सोडला की उमटायची चार बोटं
आणि मिटायची.
ब्रश फिरवला. पट्टीनं उचलली. कार्डावर चिकटवली.
बाबा नाहीत. काकू नाही. आई नाही. मी नाही.

आई दारात उभी, हाताला कणीक.
ते दार मी पुसत नाही, म्हणाली.
किती दिवस?
तीन दिवाळ्या.

तीन दिवाळ्यांमागं निनाद कोट्याला क्लाससाठी निघाला
आणि तिथल्या खोलीवर पोचला नाही.
कंपू ठाण्यात त्याचा फोटो आहे, पासपोर्ट साइझ.
बोटं कोणी मागितली नव्हती.

मधल्या बोटावर आडवी चीर, रेषा तिथं तुटतात.
मांजा, आई म्हणाली. संक्रांतीचा. तू लहान होतीस, तुला आठवत नसेल.
मला आठवतं.
ते दुसऱ्या वहीत आहे.

त्याचाच ना?

सर म्हणतात, हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच हवं असतं.
त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, कार्डाकडे बघायचं.
मी कार्डाकडे बघितलं.
सात खुणा स्वच्छ. आठवी पुसट.
तुलनेला नमुना नाही, मी म्हणाले,
आणि माझा आवाज मलाच आवडला नाही.

आईनं मान हलवली, दूधवाल्याचा हिशेब ऐकून हलवते तशी,
आणि आत गेली.
डबे सरकल्याचा आवाज. ट्रंकेची कडी. मग बराच वेळ काही नाही.
आली ती कापडी पिशवी बाहेरून धरून,
आतल्या वस्तूला बोट लागू नये अशी.
पिशवीत त्याची दहावीची कंपासपेटी.

मी नवं कार्ड घेतलं. तारीख घातली. वेळ सात दहा.
आणणाऱ्याच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं, पूर्ण,
वैजयंती दत्तात्रय बक्षी.
परवा केमिस्ट्रीची प्रीबोर्ड आहे.
टेबलावर ठेव, म्हणाले,
आणि याआधी कुठं कुठं हात लावलास ते आठवून सांग.